म्हसोबानं खोळ टाकली त्या साली

आमच्या गावात माती दोनच प्रकारची. काळी पेरायला आणि पांढरी राहायला. काळी म्हणजे शिवार. उन्हाळ्यात तिच्या भेगांत चप्पल अडकायची आणि पावसाळ्यात चप्पल सोडा, पाय परत मिळायचीही खात्री नसायची. पांढरी म्हणजे गावाखालचा उंचवटा. औंढ्याकडून येताना तो लांबूनच दिसतो, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा, फक्त म्हैस राखाडी. त्याची माती चाळून घेतलेल्या राखेसारखी मऊ. गावातली घरं धाब्याची, म्हणून जो तो तीच माती खणून घरावर टाकायचा. कुणी गाडी भरून वावरात न्यायचा, कारण ती पडली की ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते असा सगळ्यांचा विश्वास. खणताना खापरं निघत. लाल खापरं, त्यांवर काळ्या रेघा, कधी जाळी, कधी हरणासारखं काहीतरी. आम्हा पोरींना त्यांचा एकच उपयोग ठाऊक होता, ठिकरीच्या खेळातली ठिकरी. ही खापरं कुणाची, असं विचारलं की म्हातारे सांगत, "गवळीराजाची." गवळीराजा कोण, असं विचारलं की सांगत, "ज्याची ही खापरं, तो." ह्यापलीकडे आमच्या गावाचा इतिहास जात नसे आणि जावा असं कुणाला वाटतही नसे.

आता हिंगोलीत माझ्या घरावर सिमेंटचा स्लॅब आहे आणि तो गळतो. पांढरीचं धाबं कधी थेंबभर गळलं नाही, असं मी भाच्यांना ठासून सांगते. खरं सांगायचं तर तेही गळायचं, चांगलं पातेलं ठेवण्याइतकं गळायचं. पण वय झालं की आठवणींवरही माणूस मातीचा एक थर टाकून घेतो.

घरात आम्ही चौघं. आई, आप्पा म्हणजे आमचे वडील, मी शकू आणि धाकटी मंदा. दोन पोरींवर घर थांबलं ह्याचं दुःख आमच्यापेक्षा गावाला जास्त होतं. सकाळ व्हायची ती पाट्याच्या आवाजानं. गिरणी गावात आली होती, ज्वारी तिथे जायची, पण बाकी सगळं पाट्यावर. आई पाट्यापुढे गुडघे टेकून बसायची आणि कंबरेपासून सगळं अंग पुढे ढकलायची, घर्र, मग वरवंटा मागे ओढून टक. घर्र, टक. कारळाच्या चटणीचा आवाज कोरडा, मिरचीच्या ठेच्याचा ओला आणि कुणाशी भांडण झालेलं असलं तर कशाचाही आवाज सारखाच. त्या सकाळी चटणी इतकी बारीक व्हायची की तोंडात विरघळायची. आप्पा घास घेऊन म्हणायचे, "चटणी ब्येस झाली. कोणावर रागावली?" अंबाडीची भाजी, तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी आणि त्यावर ती रागाची चटणी. इतकं चविष्ट भांडण मी पुढे कुठल्याच घरात खाल्लं नाही.

मी तेव्हा हिंगोलीच्या कॉलेजात अकरावीला होते. एसटीनं जायचं, एसटीनं यायचं आणि मधल्या वेळात शहाणं व्हायचं. इतिहासाला वाघमारे बाई होत्या. माझ्या कंपासपेटीत एक खापर असायचं, नशीब चांगलं राहावं म्हणून. एकदा त्यांनी ते पाहिलं, हातात घेतलं आणि तास विसरून खिडकीजवळ जाऊन उजेडात धरलं. "हे तुझ्या गावचं? अगं, ही माणसं तीनेक हजार वर्षांपूर्वीची असतील. इथले पहिले शेतकरी म्हण ना." मग त्यांनी सांगितलं, की त्यांना राजाबिजा बहुधा नसेल. कुडाची घरं, घरात कणगी, चुलीजवळ दाणे भरडायचा दगड. लेकरू दगावलं तर दोन रांजणांची तोंडं जोडून त्यात ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. लांब जाऊ नये म्हणून असेल. आणि दाणा मातीत पडला की परत उगवतो, हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं असेल? दाणे निवडत, पाखडत जी घरामागे बसली असेल, तिच्याच. बाई 'असेल' फार म्हणायच्या. मी घरी येईपर्यंत वाटेतच ते सगळे 'असेल' एसटीच्या खिडकीतून टाकून दिले.

"आई," मी दारातूनच ओरडले, "आपण ताम्रपाषाण संस्कृतीवर राहतो!"

"राहू दे," आई म्हणाली. "आधी ती सारवून घे."

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. तात्या आप्पांचे थोरले चुलतभाऊ. आमच्या वावराला लागूनच त्यांचं वावर, आमच्या भिंतीला लागूनच त्यांची भिंत. उंच, फेटेवाले, आवाज असा की बांधावर खोकले तर घरात चहा टाकला जायचा. माणूस वाईट नव्हता; फक्त जगातली सगळी जमीन आपल्या नजरेखाली असली तर जगाचंच भलं होईल, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते आईचे थोरले दीर, म्हणून आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. पण दोन घरांचा व्यवहार बोलल्याशिवाय कसा चालणार? त्यासाठी मी होते. दोघं हातभर अंतरावर असत आणि मी मध्ये.

"शके, तात्याला इचार, च्या घेणार का."

"शके, आईला सांग, साखर कमी टाक म्हणावं."

मी काही सांगायच्या आतच आईनं साखरेचा डबा बंद केलेला असे. तरी मी सांगायचेच. गावात टेलिफोन पोस्टात आला त्याच्या कितीतरी आधी तो आमच्या ओसरीत होता, दोन वेण्या घातलेला. दोन्हीकडचं ऐकून ऐकून मला वाटू लागलं होतं, की हे घर आपणच चालवतो.

आमच्या आणि तात्यांच्या वावराच्या बांधावर लिंबाखाली म्हसोबा. मातीचा ओटा आणि त्यावर शेंदराचा गोळा, हंड्याएवढा. किती पिढ्यांचं तेल-शेंदूर त्यावर बसलं होतं कुणाला ठाऊक. आत काय आहे हे कुणी पाहिलं नव्हतं. पेरणीच्या दिवशी घरच्या कर्त्या पुरुषानं बियाणाची पहिली मूठ त्या ओट्यावर ठेवायची, मगच वावरात पेरणीची तिफण घालायची. मूठ ठेवल्याशिवाय कुणी पेरलं तर त्या वावरात कामाला कुणी पाय ठेवत नसे. आणि ओट्यावर बाईनं चढायचं नाही. हे म्हसोबाला चालत नाही, असं सगळे सांगत. नैवेद्य मात्र बायांनी रांधलेला चालायचा. पुरणाची पोळी बायांच्या हातची, वाटून-घाटून सगळं बायांच्या हातचं, फक्त शेवटची दहा पावलं तेवढी पुरुषांची. लहानपणी मला वाटायचं, म्हसोबाला पोळी आकाशातूनच येते असं कुणीतरी सांगून ठेवलं असावं.

त्या साली हस्ताचा पाऊस चांगला झाला. इतका चांगला, की धाबं गळायला लागलं. म्हणून आप्पा पांढरीचं टोपलं डोक्यावर घेऊन वर चढले आणि टोपल्यासकट खाली आले. पाय मोडला. हिंगोलीच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं आणि आप्पा ओसरीवरच्या बाजेचे झाले. इकडे वावरात वापसा आलेला, म्हणजे चिखल सुकून माती पेरणीजोगी झालेली. ज्वारी पेरायची ती आता, ह्याच चार-सहा दिवसांत. नाहीतर वरची ओल उडून गेल्यावर दाणा मातीत पडून नुसता वाट पाहत राहतो.

तात्या संध्याकाळी आले. बाजेवर बसले, आप्पांच्या प्लॅस्टरवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "यंदा वावर बटईनं मला दे. मी पेरतो, निम्मं तुझं. घरात गडी न्हाई. मूठ कोण ठेवणार?"

"तात्या, तुम्हीच ठेवा की मूठ आमच्या वतीनं," आप्पा म्हणाले. "शकीची आई आन गयाबाई पेरून घेतील."

"मूठ मी ठेवंन, तर पेरंन बी मीच. बायांच्या पेरणीला मी मूठ ठेवली असं गावात व्हायला नको." मग माझ्याकडे वळून, "शके, आईला सांग."

आई दाराआड उभी होती. "शके, तात्याला सांग, वावर आमीच पेरणार."

"शके, आईला इचार, मूठ कोण ठेवतंय."

ह्याचं उत्तर टेलिफोनच्या दोन्ही टोकांना नव्हतं. तात्या गेल्यावर आप्पा म्हणाले, "दे यंदाच्याला. एका सालानं काय व्हतंय?" आई म्हणाली, "पलीकडच्या पांडूचं वावर एकाच सालापुरतं घेतलं व्हतं तात्यानं. पांडू आता सुगीला कोणाच्या वावरात राबतो? बांध सरकला की माणूस बी सरकतो. माझ्या दोन पोरी हायेत. त्या मला उद्या विचारतील, आमची काळी कुठी हाय म्हणून." आप्पा प्लॅस्टरवरून बोटं फिरवू लागले. मला मात्र राहवलं नाही. पहिली शेतकरी बाईच होती वगैरे सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "तिला दीर नसंल," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई धावत आली. गयाबाई म्हणजे आईची कामातली जोडीदारीण. खुरपणी, काढणी, सगळीकडे दोघी बरोबर. दम लागलेला, पदर खांद्यावरून गेलेला. "वैनी, म्हसोबानं खोळ टाकली!"

ही गोष्ट शहरातल्या लोकांना सांगावी लागते. देवावरचा शेंदूर वर्षानुवर्षं साचत जातो, कधीतरी उन्हानं तडकतो, पाणी आत शिरतं आणि अख्खं कवच एके दिवशी निखळून पडतं. मग लोक घाबरतात. देव काहीतरी सांगू पाहतोय, असं धरतात. आम्ही पोचलो तेव्हा लिंबाखाली सगळं गाव जमलं होतं. भाच्यांना सांगताना मी इथे पाचशे माणसं उभी करते. खरं म्हणजे पन्नासेक असतील आणि त्यातली काही गुरं होती. ओट्याच्या पायथ्याशी शेंदराचं टरफल पडलं होतं, फुटलेल्या रांजणासारखं. तात्या फेटा काढून उभे होते आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलका लागत होता.

"काल बायामाणसाच्या तोंडी पेरणीची भाषा आली," ते म्हणाले, "आन आज देवानं हे केलं. आता आणखी काय सांगाया पाहिजे? त्या वावरात बाईची तिफण न्हाई चालायची."

सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. वावर गेलं, असं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. म्हसोबाची साक्ष मिळाल्यावर आप्पाही काही बोलू शकले नसते. आई पदर पुढे ओढून बायांच्या घोळक्यात उभी होती आणि ओट्याकडे पाहत होती. मीही पाहिलं. शेंदराखालून जो निघाला होता तो उभा देव नव्हता, डोळे-नाक नव्हतं. हातभर लांबीचा काळा दगड, कुणीतरी कधीतरी उभा रोवलेला, आता कवचाच्या वजनानं आडवा झालेला. दोन्ही टोकं जरा उचललेली, नावेसारखी, आणि मध्ये लांबट खळगा. खळगा इतका गुळगुळीत की रात्रीच्या भुरभुरीचं पाणी त्यात आरशासारखं उभं होतं.

बायांमध्ये काहीतरी सुरू झालं. आधी एकीनं दुसरीला कोपर मारलं. मग गयाबाई हळू आवाजात, पण गयाबाईचा हळू आवाज म्हणजे चावडीपर्यंत, म्हणाली, "अगं बया. वैनी, ह्याला टाकी लावायला झाली की!"

पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर काही वाटलं जात नाही. मग टाकीवाल्या बाईला बोलावून छिन्नीनं त्याला पुन्हा टोचे पाडून घेतात. हे प्रत्येक बाईला माहीत असतं आणि एकाही पुरुषाला नसतं. सगळ्या बाया एकदम हसल्या. देवासमोर, देवाचं कवच पडलेलं असताना, पदर तोंडात कोंबून हसल्या.

"हसून काय राहिल्या?" तात्या गरजले.

"शके," आई म्हणाली, "तात्याला सांग..." मी तोंड उघडून तयारच होते. पण आई थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या दगडाकडे, मग पदर कपाळापर्यंत मागे सरकवला आणि दोन पावलं पुढे गेली.

"तात्या," ती म्हणाली, "हा पाटा हाय."

देवानं खोळ टाकली तेव्हाही गाव इतकं दचकलं नव्हतं. थोरल्या दिराला तोंडावर, नाव घेऊन! तात्यांची तर अशी पंचाईत झाली की ते सवयीनं माझ्याकडेच वळले. "शके, आईला इचार, काय म्हणाली ती?"

"शकीला काहून इचारता? मी हितं उभी हाय. पाटा म्हणाले."

"देवाला पाटा म्हणते?"

"मी देवाला पाटा न्हाई म्हणून राहिले. तुमी पाट्याला देव म्हणून राहिले आन त्याला माझी ना न्हाई. पर ज्याचा पाटा त्याला हात तरी लावू द्या."

"बाईनं ओट्यावर..."

"पाट्याम्होरं बाई न्हाई बसणार तर कोण बसंल? तुमी बसता? बसा. पसाभर दाणे देते, पीठ काढून दावा."

पुरुषमंडळी आपापल्या पायांकडे पाहू लागली. मला वाटलं, इथेच आपल्या शिक्षणाचा उपयोग आहे. मी घसा साफ केला. "तात्या, ताम्रपाषाण काळात, म्हणजे जात्याच्याही आधी..."

"तू गप गं!" आई आणि तात्या एकदम म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आणि आई ओट्यावर चढली. धावत नाही, घाबरत नाही. स्वयंपाकघरात शिरावं तशी. गुडघे टेकले, खळग्यातलं पाणी तळव्यानं निपटून काढलं आणि दोन्ही हात पुढे नेऊन नसलेला वरवंटा ढकलला. एकदाच. घर्र असा आवाज आला नाही, पण मला तो ऐकू आला आणि माझी खात्री आहे, तिथल्या प्रत्येक बाईला आला. तिच्या हातांचा जो मार्ग होता त्याच मार्गावर दगड झिजलेला होता. जिथे तिचा रेटा संपला तिथेच खळगाही संपत होता.

"मग इतक्या पिढ्या," तात्या म्हणाले आणि त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता, "आमी काय पाट्याला निवद दावला?"

आईनं मागे वळून पाहिलं. ती आता रागात नव्हती, पण हटणारही नव्हती. "दावला तर काय बिघडलं? ज्याच्यावर दाण्याचं पीठ झालं त्याच्यापरीस मोठा देव कोणता हाय? देवच हाय तो. म्हसोबा म्हणा न्हाई तर काहीबी म्हणा. पर ह्या पांढरीवरच्या कोण्या बायांनी आपले गुडघे झिजवले तव्हा ह्याला हा खळगा पडला. त्यांच्या हातानं ह्याचा देव केला. आन तुमी मला सांगता, बाईचा हात ह्याला चालत न्हाई!"

तिनं पदराची गाठ सोडली. गाठीत बियाणाची ज्वारी होती. कधी बांधली होती, काय विचार करून बांधली होती, हे मी तिला पुढे पुष्कळदा विचारलं आणि तिनं दर वेळी वेगळं उत्तर दिलं. तिनं मूठ भरली आणि दगडाच्या एका टोकावर सोडली. दाणे घरंगळले, थोडे इकडे-तिकडे झाले आणि मग सगळे मधोमध येऊन बसले, जणू तिथे बसायची त्यांना सवयच होती.

"मूठ ठेवली, तात्या," आई खाली उतरत म्हणाली. "बटईचा सवाल मिटला. शके, बैलं जुंप."

बैलं जुंपणं हे वाक्य सोपं आहे. पाखऱ्या आणि हरण्या हे आमचे बैल आप्पांना ओळखत होते, मला ते एसटीनं जाणारी पोरगी म्हणून ओळखत होते. जुंपतानाच हरण्यानं माझ्या ओढणीचा घास घेतला. पण अर्ध्या तासात तिफण वावरात होती. आई मागे, तिफणीवरच्या लाकडी वाटीत, म्हणजे चाड्यात, मुठीनं दाणे सोडत चाललेली. बोटांतून दाणा सारखा पडला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. गयाबाई बियाणाची पाटी घेऊन. आणि पुढे मी, कासरा धरून, अकरावी कला शाखा. पेरणीची पहिली रेघ बांधापासून निघाली आणि हळूहळू सिद्धेश्वर धरणाकडे वळली. दुसरी रेघ पहिलीला भेटायला गेली. बांधावर तात्या उभे होते, हात मागे बांधून. गाव पांगलं, ते पांगले नाहीत. मला वाटलं, शाप देत असतील. तिसऱ्या रेघेला त्यांच्यातला शेतकरी कळवळला.

"ए!" ते ओरडले. मग थांबले. आईला हाक मारायला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. इतकी वर्षं कधी लागलाच नव्हता. "ए... ए, शकीची माय! बैलं डावीकडं दाबाय सांग त्या पोरीला! वावर हाय का नागाची चाल?"

"सांगते, तात्या," आई चाड्यावरची नजर न काढता म्हणाली.

त्या दिवशी आमच्या ओसरीतला टेलिफोन कायमचा बंद पडला. मला थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. इतकी महत्त्वाची नोकरी मला पुन्हा मिळाली नाही. ज्वारी उगवली तेव्हा तिच्या ओळी दुरून पाहणाऱ्याला हसू येईल अशा होत्या, पण उगवली, आणि आमच्याच घरात आली. ते वावर अजून आमचं आहे. मंदा पेरते. तिच्या रेघा सरळ असतात, त्याचं श्रेय ती ट्रॅक्टरला देते, मी रक्ताला देते.

मी कॉलेजात सांगितल्यावर वाघमारे बाई एसटीनं आल्या. त्यांनी दगड पुष्कळ वेळ पाहिला, हात लावायच्या आधी आईला विचारलं. "दाणे भरडायचाच दगड आहे," त्या म्हणाल्या. "फार जुना असेल. पांढरीतूनच कुणाला तरी सापडला असेल आणि रोवला असेल. किती जुना, हे असं नुसतं बघून सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, की हा संग्रहालयात नीट राहील, काचेत.

"न्हाई," तात्या म्हणाले. "न्हाई," आई म्हणाली. पुन्हा एकदम.

"अहो, जपला जाईल तिथं."

"तिथं पेरणी व्हती का?" आईनं विचारलं. बाई हसल्या, आणि आईच्या हातची भाकरी आणि चटणी खाऊन परत गेल्या. चटणी त्या दिवशी जाडसर होती.

गावानं आठवडाभरात दगड पुन्हा उभा केला, जरा मागे कलता, आणि शेंदूर चढवला, पहिल्याहून जाड. पण नुसत्या शेंदरानं लोकांच्या मनातलं जाईना. बाया बांधावरून जाताना उगीच हसत. पुढच्या साली पेरणीच्या तोंडावर तात्या हिंगोलीला गेले आणि सराफाकडून चांदीच्या मिशा घडवून घेऊन आले. चांगल्या झुबकेदार, टोकाला पीळ दिलेल्या. दगडाच्या वरच्या बाजूला शेंदरात दाबून बसवल्या. आता हा गडी आहे ह्यात कुणाला शंका नको.

आप्पांचा पाय तोवर बरा झाला होता, जरा लंगडत. सकाळी बियाणाची मूठ भरून ते निघाले तशी आईनं हात पुढे केला. "इकडं द्या. तुमी बैलं धरा." आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि मूठ तिच्या ओंजळीत सोडली. ओट्यापाशी तात्या आधीच येऊन उभे होते.

"आता मिशा हायेत," ते तिला म्हणाले. सरळ तिलाच.

आई ओट्यावर चढली. गुडघे टेकून तिनं त्या मिशांकडे बराच वेळ पाहिलं, नवा जावई न्याहाळावा तसं. "ब्येस दिसतेत," ती म्हणाली. मग खळग्यात भरलेला नवा शेंदूर अंगठ्यानं खरवडून काढला, खालचा काळा दगड दिसेपर्यंत खरवडला, आणि ज्वारीची मूठ त्यात दाबून बसवली.

"मिशा ऱ्हाऊ द्या, तात्या. पोट बाईचंच हाय."